लातूरच्या गच्चीवरचे तारे

९ डिसेंबर २०१८

सगळे फोटो गेले! लेन्सवर दव बसलं आणि पहाटेपर्यंत कॅमेरा नुसतं धुकं काढत बसला. श्रीनाथला नांदेडला फोन केला तर हसला. "अगं विमल, लेन्सला कापड गुंडाळायचं असतं." आधी सांगायला काय झालं होतं! कॅमेरा त्याचाच. गोदावरीकाठचे पक्षी टिपायला घेतलेला. दिवाळीला घरी गेले तेव्हा नवऱ्याकडून मीच मागून आणला.

कारण एवढंच — इरा रात्री उशिरापर्यंत अभ्यास करते. मी आडवी झाले की तिलाही झोप येते, म्हणून मी जागी. टीव्ही नाही. मोबाईलचा उजेड तिला चालत नाही. वाचायला घेतलं तर डोळे चुरचुरतात. शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा काढून लातूरला आले ती पोरीला गरम पोळ्या घालायला आणि रात्री भिंतीला टेकून बसायला. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचं हे तिचं दुसरं वर्ष. गल्लीत माझ्यासारख्या आया घराघरात आहेत. भाजीच्या गाड्यावर भेटलो की पहिला प्रश्न — "तुमच्याकडे किती आले?" मार्क म्हणजे. तब्येत कोणी विचारत नाही.

१२ डिसेंबर

जमलं! कॅमेरा स्टँडवर, तोंड पूर्वेला. दर वेळी शटर वीसेक सेकंद उघडं राहतं, मिटतं, परत उघडतं. तो आपला आपण काढत राहतो, मी खाली येऊन बसते. सकाळी सगळे फोटो लॅपटॉपवर एकामागे एक जोडले. रात्र अर्ध्या मिनिटात सरली. मृग नक्षत्र समोरच्या होस्टेलमागून वर आलं आणि सरळ चढत गेलं. खाली खिडक्यांचे दिवे विझत गेले, काही विझलेच नाहीत. उजवा कोपरा मात्र पांढराफटक — क्लासच्या जाहिरातीचा बोर्ड रात्रभर पेटलेला असतो.

इराला दाखवलं. "छान आहे," म्हणाली. वर बघितलंच नाही.

१३ डिसेंबर

थकले. काही लिहावंसं वाटत नाही.

५ जानेवारी २०१९

दुपारी गच्चीत लक्ष्मीबाईंबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसले. आमच्या घरमालकीण. मुलगा पुण्याला, खालच्या मजल्यावर या एकट्या. पण झोपतात गच्चीवर — बारा महिने, ह्या थंडीतसुद्धा! कोपऱ्यात बाज टाकलेली, वर दोन गोधड्या. पाऊस आला तर जिन्याच्या पत्र्याखाली.

"मावशी, खाली का झोपत नाही?"

"छताखाली डोळा लागंना." बराच वेळ शेंगाच सोलल्या. मग म्हणाल्या, "भूकंपात आमचं गाव गेलं, किल्लारीच्या अंगाला होतं. मी गाय हंबरली म्हणून उठून अंगणात आलते. पुनम आत होती. माझी लेक. सहा वर्षांची."

त्यांनीच विषय बदलला. "तुझा कॅमेरा रात्रभर टिकटिक करायलाय. बरं वाटतं. कुणीतरी जागं हाय म्हणते मी."

१४ जानेवारी

टेस्टचे मार्क आले. आणखी कमी. तिळाच्या पोळ्या केल्या होत्या. इरा जेवली नाही. "सर म्हणाले, तुमचं वय नाही आता रडायचं." एकोणीस वर्षांची आहे!

४ फेब्रुवारी

अमावास्या. आकाश काळंभोर. आज एक गंमत. मी कॅमेरा लावत असताना लक्ष्मीबाई मुद्दाम त्याच्यासमोरून इकडून तिकडे चालल्या. फोटो बघितला तर त्या कुठेच नाहीत! शटर इतका वेळ उघडं की हलणारं माणूस उमटतच नाही. रस्त्यावरच्या ऑटोची नुसती लाल रेघ येते.

"म्हंजी मी न्हाईच की त्यात!" केवढ्या हसल्या. "मग कोण दिसतं?"

"जे हलत नाही ते."

२० फेब्रुवारी

इरा हल्ली लवकर दिवा मालवते. "आई, झोप तू. मीपण झोपते." मला बरंच वाटलं. मीही लगेच झोपते, मेल्यासारखी. कॅमेरा वर चालू राहतो.

८ मार्च

सगळं लिहिते.

सकाळी इरा क्लासला गेली. कालचे फोटो जोडले. तारे सरकतायत आणि खाली कठड्यावर काळं काहीतरी. वाटलं, लक्ष्मीबाईंनी गोधडी टाकली असेल. थांबवून मोठं करून बघितलं. गोधडी नाही. इरा. कठड्यावर बसलेली. पाय बाहेर.

एका फोटोत नाही. कितीतरी फोटोंत. जराही हललेली नाही, म्हणून तर उमटली! मग एकदम नाही. मी ते पुढचे फोटो किती वेळा बघितले — ती नाहीशी कशी झाली ते कळेना. सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेलीय हे माहीत असूनसुद्धा उठून तिचा कप बघून आले.

तशीच खाली गेले. लक्ष्मीबाई दारात तांदूळ निवडत होत्या. लॅपटॉप पुढे धरला. त्यांनी नीट बघितलंही नाही.

"मला ठावं हाय."

"मावशी! मग मला सांगितलं का नाही?"

"तिनं शपथ घातली. अन् सांगितलं असतं तर तू दाराला कुलूप लावलं असतंस. मग ती कुठं गेली असती?"

मी रडायला लागले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हे बघ. ती बसली की मी हाक मारते. पोरी, तांब्या दे. पोरी, पायात गोळा आलाय, दाबून दे. काम सांगितलं की उतरती. उतरून येती, पाय दाबती, रडती. मग खाली जाती. मी झोपतच न्हाई तोवर." पदरानं माझे डोळे पुसत म्हणाल्या, "आजवर उतरली. पण मी म्हातारी. एखाद्या रात्री डोळा लागला तर? आज सांगणारच होते तुला. देवाशप्पथ."

९ मार्च

इराला क्लासला पाठवलं नाही. दुपारी जेवणं झाली. तिच्याजवळ बसले. रागवायचं नाही हे रात्रभर तिच्या उशाशी जागून घोकलं होतं. फोटो दाखवला. कितीतरी वेळ बघत राहिली.

"मला वाटलं, तो फक्त ताऱ्यांचे काढतो."

मग म्हणाली — जसं म्हणाली तसंच लिहिते — "आई, मी नुसती पानं उलटते गं. जानेवारीपासून. डोक्यात काही जातच नाही. पण तू समोर भिंतीला टेकून बसलेली असतेस ना. मग उलटत राहते."

मी तिला जवळ घेतलं. किती हलकी झालीय पोरगी! रोज पोळ्या वाढते मी, मला दिसलं कसं नाही?

"तुला उडी मारायची होती का?" विचारलं. विचारलंच.

"माहीत नाही. तिथं गार वाटायचं. कोणी काही विचारत नाही तिथं."

संध्याकाळी श्रीनाथला फोन. "दोनच महिने राहिलेत, विमल. एवढं केलंय, आता थोडक्यासाठी —" मी फोन ठेवला. फोटो पाठवून दिला. मग फोन वाजला. आवाज ओळखू येईना त्याचा.

"मी निघालो."

११ मार्च

सामान बांधलं. इरा लक्ष्मीबाईंच्या पाया पडली तर त्यांनी तिला धरूनच ठेवलं. "नांदेडात कुणाचे पाय दाबशील गं आता?" इरा हसली! किती महिन्यांनी. गाडी वळेपर्यंत म्हातारी दारात उभी.

२८ मार्च, नांदेड

डॉक्टरांकडे दुसरी खेप. डॉक्टरीणबाई शांत आहेत. इराशी एकटीशी बोलतात, आम्ही बाहेर. गोळ्या चालू. रात्री तिघं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतो. म्हणजे ती झोपते. आम्ही दोघं आळीपाळीने तिचा श्वास ऐकतो.

शेजारच्या काकू — "अय्या, परीक्षेच्या तोंडावर आलात?" दार लावून घेतलं.

१९ एप्रिल

हॉलतिकीट आलं. सेंटर नांदेडचंच. आम्ही दोघांनी सांगितलं, परीक्षा द्यायची नसेल तर नको देऊ. ती म्हणाली, "देते. दोन वर्षं गेलीत तुमची." तुमची! माझी नाही म्हणाली.

४ मे

उद्या दुपारी दोनला पेपर. तिने सगळं काढून ठेवलं — फोटो, ओळखपत्र, पाण्याची बाटली. श्रीनाथने गाडीत पेट्रोल भरलं. मला अन्न जात नाही.

५ मे

इरा सकाळपासून गाढ झोपलेली. कित्येक महिन्यांत अशी झोपली नव्हती. निघायची वेळ झाली. श्रीनाथ किल्ली घेऊन दारात. मी उशाशी वाकले, तर तिने डोळे उघडले. घड्याळ बघितलं. मग मला. आणि कूस बदलून परत झोपली.

मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. श्रीनाथने किल्ली खुंटीला लावली.

आता तीन वाजलेत. अजून झोपलीय.