चंबूतला वास

३ जुलै
नोकरी आवडली. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या मोठ्या, यंत्रं नवीकोरी. काम सरळ आहे. जुन्या चंबूतले थेंबभर जिवाणू रोज नव्या चंबूत सोडायचे आणि त्यांचं एक एन्झाइम पिढ्यानपिढ्या कसं बदलत जातं ते पाहायचं. हे एन्झाइम जनुकावर बारीक रासायनिक खूण चिकटवतं. खूण बसली की जनुक गप्प. मजकूर शाबूत, फक्त वाचला जात नाही.

सकाळी झाकण उघडून प्रत्येक चंबू हुंगायचा, ही इथली रीत. वाढ बिघडली असेल तर आंबूस वास येतो. मी हुंगायला मनाई करणाऱ्या नियमावर बोट ठेवलं. इथले जुने तंत्रज्ञ, सगळे त्यांना नाकवाले काका म्हणतात, म्हणाले, यंत्राला सर्दी होत नाही, पण अक्कलही नसते, हुंगा मुकाट्याने. सगळे हसले. मीही हुंगलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, नाही तिथं नाक खुपसायची तुझी खोड एकदाची कामी आली म्हणायची.

१४ जुलै
आईचा जुना स्वेटर सोबत आणला आहे. आज त्याला तिचा वास आला नाही. धुतलेला नाही. कपाटाच्या लाकडाचा येतो, डांबरगोळीचा येतो. तिचाच तेवढा येत नाही.

२२ जुलै
पूर्वी हे एन्झाइम जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांवरच खुणा करायचं. नव्या पिढ्यांचं तसं नाही. शेजारच्या बशीतल्या प्राण्यांच्या पेशींतली जनुकंही बंद पडली आहेत. नाकातल्या पेशींतली आधी, मग मेंदूतल्या.

दुपारी काकांची बायको डबा घेऊन आली. काकांनी आभार मानले आणि विचारलं, बाई, तुम्हाला कोणी पाठवलं? ती थट्टा समजून हसली. मग हसायची थांबली.

२६ जुलै
फोनवर आईचा आवाज ओळखला नाही. पडद्यावर नाव होतं म्हणून कळलं. खुणा पुसता येतात का, प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना विचारलं. जिवाणूत येतात, म्हणाले. माणसात कुणी पाहिलेलं नाही.

आई म्हणाली, अशी परक्यासारखी का बोलतेस गं? थांब, मीच येते.

हुंगताना ते जिवाणू माझ्यात शिरले, आता माझ्या श्वासातूनही जात असतील. म्हणून म्हटलं, येऊ नकोस, मला तुझा कंटाळा आला आहे. तिने फोन ठेवला.

२८ जुलै
आली. रुसून घरी बसेल असं वाटलं होतं. आईला हाकलायला माझी जीभ पुरली नाही.

दार लावून घेतलं, तोंडाला फडकं बांधलं. ती म्हणाली, आईला कसला आलाय गं संसर्ग, आणि दार ढकलून आत. माझ्या केसांत नाक खुपसलं. मी तिला ढकलायला हवं होतं. पण वाटलं, एवढ्या जवळून तरी ओळख पटेल—

नाही पटली. अनोळखी बाई, अनोळखी हात. आणि मी तिला सोडलं नाही.

२ ऑगस्ट
तिला वास— माझा वास येत नाही म्हणते.

५ ऑगस्ट
सकाळी चहा केला. कप पुढे ठेवून म्हणाली, साखर किती घेता तुम्ही?

अगं आई, मी.

ती सभ्यपणे हसली. म्हणाली, माझी मुलगी इथंच कामाला असते, येईलच इतक्यात, तुमची ओळख करून देते. जरा रागावली आहे माझ्यावर.

खिडकीशी बसली आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक मुलीकडे मान उंच करून बघते. मी तिच्या मागे उभी आहे. खांद्यावर हात ठेवला तर ती दचकून—