किसणीची जागा

रविवार, संध्याकाळ

आज स्वयंपाकघर आवरलं. झाकणं हरवलेले डबे, तडे गेलेल्या बरण्या, सगळं भंगारात दिलं. ओटा मोकळा झाला. राहिली ती भिंत.

वाळूजला आमच्या कारखान्यात फळ्यावर प्रत्येक हत्याराच्या आकाराची रेघ काढलेली असते. शिफ्ट संपताना एखादी रेघ रिकामी दिसली, की ते हत्यार कुणी नेलं हे विचारायचं. घरीही भिंतीवर मी मार्करनं तसंच केलंय. पळी, सांडशी, लाटणं, किसणी. माझी रूममेट रूपाली हसायची, "बाई, घराचं वर्कशॉप केलंस!" लग्न ठरलं तशी ती सामान घेऊन गावी, पिशोरला गेली. तेव्हापासून किसणीची रेघ रिकामी आहे.

शेवटी फोन केला. नियम म्हणून. नियम म्हणूनच का?

"किसणी तू नेलीस?"

"व्हय गं, सामानात आली. लई अडलं का तुझं?"

"जागा रिकामी दिसते."

"मग पुसून टाक की ती रेघ!" मागून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते गं, पाहुणे आलेत."

ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी उभी राहिले. पुसलं नाही. गुलमंडीवर जाऊन नवी किसणी घेऊन आले. मी तर काही किसतसुद्धा नाही. गाजराची कोशिंबीर तीच करायची.

माप न घेता मी कधी काही आणत नाही. आज आणलं. नवी किसणी लहान निघाली. टांगल्यावर तिच्याभोवती जुनी रेघ सगळीकडून दिसते, आधीपेक्षा जास्तच.