बांगड्यांचा आवाज

माहीम गाव, फाल्गुन १९६६. दिवेलागण.

वाडीतल्या तळ्यात यांनी रोहूची पिल्लं सोडली, तेव्हा मी हसले होते. आता रोज संध्याकाळी कोंडा टाकायला मीच जाते. बांगड्या वाजल्या की आधी पाणी थरथरतं, मग सगळे वर येतात, पाण्याखाली कुणी समया लावल्यासारखे.

उद्या पहिल्यांदा जाळं पडणार. पानवेली कुजल्या, यंदा घर या माशांवरच चालायचं. जाळं टाकायला येणारे नवापूरचे काका म्हणाले, “वयनी, तुमी काठावर निसत्या बांगड्या वाजवा. मासा आपसूक येल.”

बांगड्या उतरवू तरी कशा? सवाष्ण मी. आज पदर मनगटांना घट्ट गुंडाळून गेले. जराही आवाज होऊ दिला नाही.

तरी सगळे वर आले.