टोपाची कल्हई

प्रिय संचिता,

घर बंद करताना काय ठाण्याला न्यायचं, काय वाटून टाकायचं आणि काय मोडीत घालायचं, याची यादी तू मागितली होतीस. चार दिवस लिहितो आहे. ओरोसच्या ऑफिसात तीस वर्षं लोकांच्या सामानाच्या याद्या तपासल्या, पण आपल्याच स्वयंपाकघरात बसून एक पान पुरं होत नाही.

प्लॅस्टिकच्या बादल्या तीन, त्यातल्या दोनांच्या कड्या तुटलेल्या. तू चौदाशे रुपयांना आणलेला तवा दोन वर्षांत खरवडून गेला, आता त्याला घावणे चिकटतात. बाजारातून अडीचशेला घेतलेलं सूप मात्र नवं दिसतं. आई गेल्यापासून त्यात कुणी तांदूळ पाखडले नाहीत, म्हणूनही असेल.

पितळेचा मोठा टोप तू मोडीत धरला होतास. आम्ही तो लग्नानंतरच्या वर्षी दोनशे साठ रुपयांना घेतला. आज मोडीत नऊशे येतात. मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो, पितळ घ्या, एकदा पैसे गेले की जन्माची काळजी नाही. त्याच टोपात मी गेल्या रविवारी चिंचेचं सार केलं आणि झाकून ठेवलं. दुपारी बघतो तर सार हिरवट पडलेलं, कळकलेलं. शेजारच्या नर्मदाकाकी वासानेच आत आल्या. “भावजीनू, कलय नाय त्या टोपात आंबट कित्याक शिजवलात? माका विचारूक तोंड नाय होता?” असं म्हणून त्यांनी सार माडाच्या मुळात ओतलं आणि स्वतःच्या घरची आमटी आणून दिली. वर म्हणाल्या, “आता जेवा. मेलात तर तुमच्या चेडवाक, संचिताक, मी काय सांगू?”

सोमवारी टोप पिशवीत घालून एसटीने कट्टा गावच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानामागे सत्यवान अजून कल्हई करतो. त्याने टोप हातात घेताच ओळखला. “वैनी खंय? दर चतुर्थीच्या आदी येयत. आवंदा वाट बघलंय.” मला हे ठाऊकच नव्हतं. मी ऑफिसात असताना तुझी आई एवढं ओझं घेऊन दर वर्षी एसटीने जायची. गेल्या चतुर्थीला ती अंथरुणावर होती, हे मी त्याला सांगितलं. पुढचंही सांगितलं. त्याने भात्याचा हात थांबवला. मग टोप तापवून नवसागर टाकला, कथील फिरवलं, आणि टोप आतून चांदीसारखा झाला. चारशे रुपये घेतले. तेवढ्या पैशांत स्टीलचा लहान टोप नवा मिळाला असता, हे मला कळतं.

पण इतकी वर्षं माझा हिशेब चुकत होता, संचिता. टोप पितळेचा होता म्हणून टिकला नव्हता. माझंही तसंच असावं. हे तिला कधी बोललो नाही.

काल त्यात पुन्हा सार केलं. मीठ जास्त पडलं, बाकी बरं होतं. नर्मदाकाकींना वाटीभर दिलं. त्यांनी नावं ठेवत संपवलं. उद्या त्या मला माशाचं तिखलं शिकवणार आहेत. बांगडा मी आणायचा, अशी अट आहे.

फोनवर तू ठाण्याला यायचं विचारलंस तेव्हा तू रडत होतीस, म्हणून मी हो म्हणालो. समोरासमोर किंवा फोनवर नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून लिहितो आहे. मी ठाण्याला येत नाही. अठरा तारखेचं माझं तिकीट रद्द कर. तू मला एकटं सोडलंस असं मनात आणू नकोस. उलट मे महिन्यात तूच ये. परसातला रतांबा यंदा लगडला आहे. फळं फोडून आमसुलं घालायला दोन माणसं लागतात. आई मला दुसरं माणूस म्हणून बसवायची आणि माझ्या हातचं सगळं पुन्हा करायची. आता पहिल्या जागी मी बसेन. माझ्या हातचं पुन्हा करायला तू ये.

तुझी वाट बघत घरीच असलेला,
तुझाच बाबा