धाकटीचा व्हॉल्व्ह

सोमवार, ३
आलो एकदाचा! नोकरी झकास, खोली त्याहून झकास. ही लाँड्री तीन इस्पितळांच्या चादरी धुते आणि त्यासाठी लागणारी वाफ आजपासून माझ्या ताब्यात. बायलर दोन. कामगार त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात, कारण दोघी जावांसारख्या एकाच मोठ्या नळाला बांधलेल्या. एकीची वाफ दुसरीत शिरू नये म्हणून प्रत्येकीला एक चेक व्हॉल्व्ह आहे. त्यातली चकती वाफेला बाहेर सोडते, परत येऊ देत नाही. धाकटीची चकती मात्र सारखी वाजते. टक, टक, टक. मिस्त्री म्हणाले, साहेब, सवय होईल, आम्हाला तर आता ऐकूही येत नाही.
बायको आणि छकुली तेवीस तारखेला येणार. तोवर पडदे घ्यायला हवेत.

बुधवार, ५
रोग सापडला. नळ चार इंची, म्हणून कोण्या शहाण्याने व्हॉल्व्हही चार इंची आणलाय. नळ बघून व्हॉल्व्ह घेणं म्हणजे दार मोजून माणसाचा सदरा शिवणं! धाकटीची वाफ एवढी थोडी की ती चकती पुरती उचललीच जात नाही. अर्धवट लटकते, आपटते, झिजते. झिजली की नीट बसत नाही, आणि थोरलीची वाफ उलटी आत शिरू शकते. हाताने बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह तर कितीही आवळा, गळतोच. दुपारभर आकडेमोड केली. अडीच इंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे लोखंडालाही लागू आहे.
मिस्त्री म्हणाले, आधीचे साहेबही अडीचच म्हणत होते. ते आता कुठे असतात विचारलं, तर म्हाताऱ्याला एकदम पंपाची आठवण झाली.

बुधवार, १२
अडीच इंची व्हॉल्व्ह आला, बसवला. हौसेने सगळ्या कामगारांना जमवलं आणि धाकटी चालू केली.
टक, टक, टक.
असा तोंडावर पडलो! इस्त्रीवाल्या मावशी तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग मीही ठणकावून सांगितलं, नवीन आहे, चकती बसायला काही दिवस लागतील, तोवर वाजला तर कोणी लक्ष देऊ नका. तसं काही नसतं. थाप मारली. संध्याकाळी आकडे पुन्हा तपासले. अडीचच येतात.

शनिवार, १५
बायलरचा सरकारी तपासनीस गुरुवारी येणार, म्हणून धाकटी विझवून गार केली. दुपारी तिच्याजवळच उभा राहून घरी फोन लावला. बोलता बोलता बायको म्हणाली, अहो, कोणीतरी दार ठोठावतंय, आधी उघडा बघू.
बायलरच्या शेडला दार नाही.
धाकटीत वाफेचा थेंब नाही. थोरलीच्या दाबाने चकती घट्ट मिटलेली असणार. मग वाजतंय काय? व्हॉल्व्हवर कान ठेवला. आवाज तिथून येत नाही. खालून येतो, धाकटीच्या पोटातून.

सोमवार, १७
मिस्त्रींना धरून बसवलं, तेव्हा बोलले. आधीचे साहेब साफसफाई बघायला धाकटीत उतरले होते. झिजलेली चकती बसली नाही. थोरलीची वाफ आत आली ती नेमकी माणूस उतरायच्या वरच्या तोंडापाशी, म्हणजे बाहेर यायची वाटच बंद. साहेब पलीकडच्या टोकाला पाना आपटत राहिले. पाऊण तास. मिस्त्री खाली पेपर वाचत होते. वरून वाफ निघताना दिसली, पण लाँड्रीत वाफेचं कोणाला नवल? व्हॉल्व्ह वाजतोय म्हणाले, रोजचंच.
सांगताना म्हातारा ढसाढसा रडला. मला भीती वाटते. हे कोणाला सांगू?

बुधवार, १९
मॅनेजर म्हणतात, तपासनीस यायच्या आधी आतून बघून सही मीच करायची. दाखला नाही मिळाला तर मी घरी. मिस्त्री रजेवर गेले, फोन उचलत नाहीत. थोरली बंद ठेवा म्हटलं, तर इस्पितळं थांबतील म्हणाले. घरच्यांनी तिथली खोली सोडलीसुद्धा, सामान बांधून झालंय. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?
वीस मिनिटांचं काम. व्हॉल्व्ह नवा आहे. मापाचा आहे. मापाचा आहे.

गुरुवार, २०, सकाळी
खाली मावशींना बसवलंय. जागच्या हलू नका म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

आतून
पत्र्याची जाडी मोजून झाली. आकडे इथेच लिहितो —
वर, तोंडाजवळ चकती हलली. उघडल्यासारखी —

वाफ. तोंडापाशी. मी या टोकाला. टॉर्च आहे. चकती का बसत नाही — माप बरोबर आहे — कोणीतरी धरून ठेवल्यासारखी —

ओरडलो. यंत्रांपुढे काय ऐकू जाणार. पाना आपटतोय. टक टक टक.
शेजारून तीन. माझ्या शेजारून.

छकुलीला सांगा बाबा

पत्रा तापलाय तरी कान लावला. मावशींचा आवाज — ओरडून कोणाला तरी सांगताहेत —
अगं, लक्ष नको देऊस, साहेबच म्हणाले होते, बसेपर्यंत वाज