घासून टाकलेला नंबर

चेतन,

खंडेनवमीच्या पूजेत, तुझ्या फोटोत चकाकावं म्हणून आजोबांचं लढाईवरून आलेलं पिस्तूल तू कारखान्यात बफिंगच्या चाकावर धरलंस. लायसन नवीन करायचं म्हणून आज आप्पांनी ते कल्याणच्या बंदूकवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "काका, घडण लष्करी, सन चाळीस-बेचाळीसची वाटते. पण इंग्रजांच्या मुकुटाचा छाप, साल, नंबर, सगळं साफ! लायसनवरचं ते हेच, हे कशावरून? नंबर घासलेलं हत्यार म्हणजे सीधा केस."

घरी आल्यापासून आप्पा त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवतायत, निजल्या बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मला म्हणाले, "मीच घासला असं सांगतो. पोराची नोकरी जायला नको."

आणि तू हेंद्रेपाड्यात मित्रांकडे, फोन बंद करून!

ही चिठ्ठी टेबलावर ठेवून आम्ही पोलीस ठाण्यात निघालोय. तुझ्या फोटोच्या हौसेपायी म्हाताऱ्याला आरोपी होऊ देणार नाही. त्यांनी "मी" म्हटलं की मी तुझं नाव घेणार. त्याआधी ठाण्यात येऊन तूच सांग.

स्वयंपाक केलेला नाही. उपाशीच ये.

ताई