गॅलरीतली पेनल्टी

रविवार, संध्याकाळ

पिंकीची टीम जिंकली. पोरींच्या दुसऱ्या डिव्हिजनची फायनल बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. शेवटची पेनल्टी आमच्या पिंकीची. बसली तर टीम वरच्या लीगमध्ये. मी नेहमीसारखा उठून गॅलरीत गेलो.

पोरीची पेनल्टी मला पाहवतच नाही. तिच्या मॅचेस मोबाईलवर दिसायला लागल्या तेव्हापासून मी गॅलरीत पाठ करून उभा आणि माझी बायको सुमन आत मोबाईलसमोर. तिला फुटबॉलमधलं काही कळत नसे, पण निकाल तीच सांगायची. "या जी आत, झाला गोल!" आणि चुकला तर, "राहू द्या, चहा मांडून राहिली मी." चहा फक्त हरल्यावर.

आज बाहेर उभा राहिल्यावर लक्षात आलं, आत कोणीच नाही. सुमनला जाऊन वर्षही झालं नाही आणि मी मूर्खासारखा तिच्या हाकेची वाट पाहतोय! आत जाऊन मोबाईल पाहावा, तर पाय उचलेना. समोरच्या बिल्डिंगवरची टाकी भरून वाहत होती. मोटर बंद काहून करत नाहीत हे लोक? उगाच चिडलो.

मग आत फोन वाजला, जाऊन पाहिला. अनोळखी नंबर. उचलला तर मैदानावरचा गोंगाट आणि धापा टाकणारी पिंकी.

"बाबा, या जी आत. झाला गोल."

"आलो," म्हणालो.

टाकी अजून वाहतच होती. पोरगी जिंकली होती, तरी मी चहा मांडला.